नोकरी नकोशी वाटते, म्हणजे माझ्यातच खोट आहे का?

"मॅडम, वर्दी चढवली की छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, आधी असं नव्हतं, मी कामचोर झालोय का?" इंदूरमध्ये पोलीसवाल्यांकडून, आणि त्याहून जास्त त्यांच्या बायकांकडून, हा प्रश्न मला समुपदेशनात सारखा येतो, म्हणून एक केस सांगते, परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

दादा प्रधान आरक्षक, म्हणजे हेड कॉन्स्टेबल, नोकरीला १८ वर्षं, राहायला सुदामा नगरकडे. वहिनींनी जवळजवळ ओढूनच आणलं होतं, अंगावर साधे कपडे पण पायात ड्यूटीचेच बूट, कारण इथून परत पोलीस थाण्यात जायचं होतं. पहिलं वाक्य काय, तर "हे माझ्या सर्व्हिस रेकॉर्डवर तर नाही ना येणार?" माझ्याकडचं टिपण विभागाला जात नाही हे समजावण्यातच अर्धा तास गेला, आणि तो जायलाच हवा होता.

झोप, दारू, जीव द्यावासा वाटणं, हे मी पोलिसांना पहिल्याच भेटीत सरळ विचारते, हत्यार हाताशी असतं ना. दादांच्या मनात तसं काही नव्हतं. तुमच्या घरात कोणाच्या असेल तर माझी अपॉइंटमेंट मिळायची वाट बघू नका, टेली-मानसचा १४४१६ फुकट आहे, लगेच लावा.

मग दोन आठवडे रोज दोनच ओळी लिहायला सांगितल्या, आज जड काय गेलं आणि हलकं कशाने वाटलं. मला वाटलं होतं वहीत मर्ग म्हणजे अकस्मात मृत्यूच्या केसेस, पंचनामे, बायपासवरचे अपघात असतील. ते होतेच, पण एकेकदाच. परत परत काय येत होतं तर सुट्टीचा अर्ज टेबलावर तसाच पडलाय, रात्री ११ला कळलं की सकाळी ५ला बंदोबस्त, वायरलेस सेटवर सगळ्यांच्या कानावर जाईल असं झापलं आणि चूक आपली नव्हतीच. आणि हलकं? एक ओळ मी विसरणार नाही, "अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या मिरवणुकीत रिलीव्हर सांगितलेल्या वेळेला आला." बस, एवढंच!

बघा, हा माणूस गुन्हेगारांना थकला नव्हता, आपल्या पाठीशी कोणी नाही याला थकला होता. २०१९ च्या एका देशव्यापी पोलीस सर्वेक्षणात सरासरी १४ तासांची ड्यूटी निघाली, जवळपास निम्म्यांना हफ्त्याची सुट्टीच नाही. आपल्या एमपीत त्याच साली साप्ताहिक सुट्टी सुरू झाली, दादांच्या वाट्याला ती काही महिनेच आली. अशात योगा शिबिर ठेवायचं आणि तेही सुट्टीच्या दिवशी बोलावून, याचा मला खरंच राग येतो. श्वास कसा घ्यायचा ते मीही शिकवते हो, पण ड्यूटी चार्ट श्वासाने बदलत नाही.

दादांच्या मनात राजीनाम्याचं चाललं होतं, ते आम्ही सहा महिने बाजूला ठेवलं. टीआय साहेबांकडे, म्हणजे थाण्याच्या प्रमुखांकडे, एकच गोष्ट मागायची ठरली, आणि ती सुट्टी नाही, तर उद्याची ड्यूटी आज संध्याकाळी सातपर्यंत कळावी. काय बोलायचं याची माझ्यासमोर तीनदा प्रॅक्टिस केली, तरी तिकडे गेल्यावर आवाज कापला म्हणे. साहेबांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि ड्यूटी लावणाऱ्या मुन्शीला सांगितलं. रंगपंचमीच्या गेर मिरवणुकीसारखे दिवस सोडले तर आता चार्ट बहुतेक वेळेवर ग्रुपवर येतो. माणसं कमी आहेत ती कमीच आहेत, सेटवरचं झापणंही बंद नाही झालं, पण वहिनी म्हणतात, आता रात्री जेवताना पोरीशी बोलतात, निदान उद्या कधी घरी असतील हे तिला सांगता येतं.

गेल्या महिन्यात दादा एकटेच आले. "थाण्यात एक नवा आरक्षक आहे, पोरगा गप्प गप्प असतो, त्याला आणू का?"

म्हटलं आणा, पण त्या वेळेची त्याची ड्यूटी तुम्ही सांभाळा. "ते बोललोय मी मुन्शीशी आधीच," म्हणाले.