नवी हार्ड डिस्क दिसत नाही? आधी ‘कुठे’ दिसत नाही ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आर्किटेक्टच्या ऑफिसातल्या वर्कस्टेशनमध्ये १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी (मदरबोर्डवर थेट बसणारी, फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) आणि ४ टीबीची हार्ड डिस्क एकाच दिवशी बसवली. एसएसडी दिसते, हार्ड डिस्क दिसत नाही. दुकानदार म्हणतो डिस्कच खराब आहे, बदलून यायला पंधरा दिवस लागतील. शिवाय जुन्या ५०० जीबीच्या डिस्कवरचं विंडोज आता एसएसडीवर घ्यायचंय.

डिस्क लगेच परत देऊ नका. मी नाशिकला हेच काम करतो. माझी गिऱ्हाइकं म्हणजे आर्किटेक्ट, फ्लेक्सवाले आणि लग्नाचं एडिटिंग करणारी मुलं. ‘नवीन डिस्क दिसत नाही’ म्हणून माझ्या टेबलावर आलेल्या डिस्कांपैकी खरोखर मेलेल्या फार थोड्या निघाल्या. बाकीच्यांचं दुखणं केबलमध्ये, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारी मशीनची मूळ सेटिंग) नाहीतर विंडोजमध्ये होतं. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो: दिसत नाही, म्हणजे नक्की कुठे दिसत नाही?

सुरुवात हातापासून करा. मशीन बंद करून वायर काढा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला करंट निघून जाईल. कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या पत्र्याला एकदा हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. मग डिस्कच्या दोन्ही केबल काढून पुन्हा बसवा. अरुंद ती डेटाची, ७ पिनांची. रुंद ती पॉवरची, १५ पिनांची. दोन्हींच्या तोंडाला एका बाजूला बाक असतो, त्यामुळे त्या उलट्या बसत नाहीत. जोर लावावा लागतोय असं वाटलं तर थांबा, कारण डिस्कच्या बाजूची ती प्लास्टिकची पट्टी एकदा मोडली की वॉरंटीही गेली. डेटा केबलचं मदरबोर्डकडचं टोकही तपासा. कॅबिनेट साफ करताना, ग्राफिक्स कार्ड काढताना ते हमखास सैल होतं.

आता मशीन चालू करा आणि डिस्कच्या कडेला दोन बोटं हलकेच टेकवा. आतली ताटली मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते; पहिल्या काही सेकंदांत बारीक थरथर बोटांना लागते आणि मग ती एकसारखी होते. थरथर लागली म्हणजे पॉवर पोचतेय. काहीच नाही लागलं तर बिघाड पॉवरच्या वाटेवर आहे. ब्रँडेड वर्कस्टेशनमध्ये डिस्कची पॉवर बऱ्याचदा एसएमपीएसमधून (मशीनला वीज पुरवणारा डबा) थेट येत नाही, मदरबोर्डवरच्या एका छोट्या कनेक्टरमधून येते. ते टोक सुटलं असेल तर डिस्क जागची हलत नाही आणि दोष मात्र डिस्कवर येतो. थरथरीऐवजी ठरावीक वेळाने टक्‌टक् असा आवाज येत असेल, तर दुकानदाराचं म्हणणं खरं धरा.

पॉवरच्या केबलबद्दल इथे थांबून सांगतो, कारण यात मी एकाचं फार मोठं नुकसान केलंय. एका स्टुडिओच्या मशीनचा एसएमपीएस गेला होता. नवा आणला, तोही मॉड्युलर, म्हणजे केबल वेगळ्या काढता येणारा. जुन्या केबल कॅबिनेटमध्ये नीट बांधून ओढलेल्या होत्या, नव्या एसएमपीएसच्या सॉकेटमध्ये त्या बसत होत्या, म्हणून त्याच ठेवल्या. बटण दाबल्यावर जळका वास आला आणि डिस्क गप्प झाली. डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखंच असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठल्या पिनेवर ५ व्होल्ट आणि कुठल्या पिनेवर १२, हे प्रत्येक कंपनी स्वतःच्या मनाने ठरवते. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. ५ च्या वाटेवर १२ गेले. त्या डिस्कवर एका लग्नाचं पूर्ण शूटिंग होतं आणि दुसरी प्रत नव्हती. सर्किट बदलून डेटा परत मिळवायला मुंबईला पाठवावी लागली, तो खर्च मी दिला, पण त्या महिनाभरात मुलीच्या वडिलांचे जे फोन आले ते मी विसरू शकत नाही. तुमच्या ऑफिसात एसएमपीएस बदलला असेल आणि केबल जुन्याच असतील, तर आत्ताच मशीन बंद करा आणि त्या बदला. खोक्यातल्या जास्तीच्या केबलवर कुठल्या एसएमपीएसची आहे ते मार्करने लिहून ठेवा.

थरथर लागतेय, म्हणजे पुढचं ठिकाण बायोस. त्यात जायला मशीन चालू होताना दाबायची कळ: डेलमध्ये एफ२, एचपीत एफ१०, लेनोवोच्या थिंकस्टेशनमध्ये एफ१, असेंबल केलेल्या मशीनमध्ये बहुतेक वेळा डिलीट. तिथे डिस्कची यादी असते. तुमची ४ टीबी तिच्या मॉडेल नंबराने दिसते का बघा. नसेल तर दोन शक्यता आधी तपासा. एक, कंपनीच्या मशीनमध्ये प्रत्येक साटा पोर्टसमोर (हार्ड डिस्कची डेटा केबल लागते ती जागा) चालू-बंदची खूण असते आणि न वापरलेलं पोर्ट कधीकधी बंद ठेवलेलं असतं. खूण करा, सेव्ह करा, पुन्हा बघा.

दुसरी शक्यता तुमच्या बाबतीत मला सगळ्यात दाट वाटते, कारण तुम्ही दोन्ही एकाच दिवशी बसवल्या. बऱ्याच मदरबोर्डवर एम डॉट टूचा स्लॉट (एनव्हीएमई एसएसडी बसते ती खाच) आणि एकदोन साटा पोर्ट एकाच वाटेवर असतात. स्लॉटमध्ये एसएसडी बसली की ती पोर्ट आपोआप बंद पडतात. कुठे कसलीही सूचना येत नाही. मदरबोर्डच्या पुस्तिकेत एक छोटा तक्ता असतो, त्यात अमुक स्लॉट वापरला तर साटा ५ आणि ६ चालणार नाहीत, असं लिहिलेलं असतं. पुस्तिका नसेल तर मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या, किंवा सरळ डेटा केबल पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाच्या पोर्टात लावून बघा. तुमची हार्ड डिस्क शेवटच्या मोकळ्या पोर्टात लागलेली असेल, तर माझी खात्री आहे की हेच झालंय.

बायोसमध्ये दिसते पण विंडोजच्या ‘धिस पीसी’मध्ये नाही, असं असेल तर तिथे काहीच बिघडलेलं नाही. कोरी डिस्क तिथे दिसतच नाही. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. खाली काळ्या पट्टीची, ‘नॉट इनिशियलाइज्ड’ लिहिलेली डिस्क असेल ती तुमची. ती इनिशियलाइज करताना एमबीआर की जीपीटी (डिस्कवरच्या भागांची नोंद ठेवायची जुनी आणि नवी पद्धत) असं विचारलं जातं; जीपीटी निवडा. एमबीआरमध्ये सेक्टरचा (डिस्कवरच्या छोट्या तुकड्याचा) क्रमांक ३२ बिटांत लिहितात आणि सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणून त्याची धाव २०४८ जीबीवर संपते. चुकून एमबीआर निवडलं तर उरलेली सुमारे १६७८ जीबी जागा समोर दिसत राहते, पण तिच्यावर पार्टिशन करता येत नाही. नंतर काळ्या पट्टीवर राइट क्लिक करून नवीन सिंपल व्हॉल्यूम, एनटीएफएस, क्विक फॉरमॅट, आणि डिस्कला ओळखू येईल असं नाव. ४ टीबीऐवजी ३.६३ दिसेल, त्याची काळजी नको. डिस्कवाले १००० च्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या. एक मात्र दर वेळी वाचून घ्या: आपण हात लावतोय त्या पट्टीसमोरची साइज. डिस्क ०, डिस्क १ हे आकडे पोर्ट बदललं की बदलतात, त्यांच्यावर विसंबू नका.

आता विंडोजचं. जुन्या डिस्कवरून क्लोन (जशीच्या तशी नक्कल) मारता येतो, त्यासाठी क्लोनझिला फुकट आहे आणि चांगलं आहे. पण तुमच्यासाठी मी नवं विंडोज टाका असंच सांगेन. जुन्या डिस्कवर किती वर्षांचं काय साचलंय कोण जाणे, आणि ती एमबीआरवर असेल तर एनव्हीएमईवरून चालू करताना वेगळा खटाटोप करावा लागेल. नवं विंडोज टाकताना एसएसडी सोडून बाकी सगळ्या डिस्कांच्या डेटा केबल काढून ठेवा. कंटाळा करू नका. आधीच्या डिस्कवर बूटचं (मशीन सुरू करणारं) छोटं पार्टिशन असेल, तर विंडोज स्वतःची बूटची फाइल गुपचूप तिथेच नेऊन ठेवतं आणि बाकी सगळं एसएसडीवर. मशीन छान चालतं. मग सहा महिन्यांनी कुणीतरी ती जुनी डिस्क काढतो आणि सकाळी ऑफिसात मशीन सुरूच होत नाही. एका ऑफिसात नकाशे महापालिकेत द्यायच्या दिवशीच हे झालं होतं. बूट दुरुस्त करून तासाभरात मशीन उठलं, पण तोवर त्या बाईंचा जीव टांगणीला होता.

विंडोज टाकताना एसएसडीच दिसली नाही तरी घाबरू नका. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच मशीनमध्ये व्हीएमडी (डिस्का हाताळायची इंटेलची सोय) चालू असतं, आणि डेलची वर्कस्टेशन्स बहुधा रेड मोडवर (अनेक डिस्का एकत्र चालवायची पद्धत) ठेवून येतात. कंपनीच्या साइटवरून इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’मधून द्या. नव्याने टाकतच असाल तर आधी बायोसमध्ये एएचसीआय (डिस्क चालवायचा साधा मोड) करून घेतलं तरी चालतं. मात्र चालू असलेल्या विंडोजवर हा मोड सहज म्हणून बदलू नका, निळी स्क्रीन येते. बायोसमध्ये काहीही बदलण्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू आहे का तेही बघा. असेल तर तेवढ्यापुरतं थांबवा आणि त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, त्याच मशीनमधल्या फाइलमध्ये नको.

जुनी ५०० जीबी पुसायची घाई तर अजिबात नको. महिनाभर कपाटात ठेवा. माणसं ‘माय डॉक्युमेंट्स’ घेतात आणि समजतात सगळं आलं. आर्किटेक्टच्या मशीनमध्ये मागे राहणाऱ्या गोष्टी वेगळ्याच असतात. ऑटोकॅडच्या ऑटोसेव्ह फायली मूळ सेटिंगनुसार सी ड्राइव्हवरच्या टेम्प फोल्डरात जातात. प्लॉटरची सेटिंग आणि पेनच्या जाडीच्या फायली युजरच्या लपलेल्या फोल्डरात असतात. फॉन्ट तर हमखास राहतात. जुन्या नकाशांवर, अर्जांवर श्रीलिपीसारख्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये मजकूर असेल आणि तो फॉन्ट नव्या मशीनवर नसेल, तर मालकाचं नाव आणि सर्व्हे नंबर यांच्या जागी नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात. ‘सी’ वरचं फॉन्टचं आख्खं फोल्डर कॉपी करा. जी सॉफ्टवेअर मशीनला बांधलेली आहेत त्यांचं लायसन्स जुन्या विंडोजमधून आधी सोडवून घ्या. कॉपी चालू असताना मशीन यूपीएसवर हवं, हे तुम्हाला सांगायला नको; आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही.

सी ड्राइव्ह आणि चालू कामं एसएसडीवर ठेवा, संपलेली कामं ४ टीबीवर. साटाची हार्ड डिस्क सेकंदाला दोनशे एमबीच्या आसपास देते, चांगली एनव्हीएमई तीन हजारांच्या वर. म्हणून जड मॉडेल आणि रेंडर एसएसडीवरूनच उघडा. आणि या सगळ्याची आणखी एक प्रत ऑफिसच्या बाहेर, कुणाच्या तरी घरी, आठवड्याला एकदा बदलली जाणारी. दोन डिस्का मशीनमध्ये एकमेकींचा आरसा करून ठेवल्या तरी या प्रतीची गरज संपत नाही, कारण चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच जाते.

एसएसडी बसलेलीच आहे म्हणून तिच्याबद्दल एवढंच बघा: टोकाचा तो बारीक स्क्रू खरंच लावलाय का, आणि वरून हीटसिंक असेल तर त्याच्या रबरावरचा पातळ प्लास्टिकचा कागद काढलाय का. तो कागद तसाच राहिलेला मी खूपदा पाहिलाय. मोठी फाइल लिहिताना एसएसडी तापते आणि वेग एकदम पडतो. एसएसडीवरचं स्टिकर मात्र काढू नका, त्यावर सीरियल नंबर असतो आणि तो नसेल तर वॉरंटी नाकारतात. हार्ड डिस्कला चारही स्क्रू लावा, आणि तिचे स्क्रू जाड आट्यांचे असतात. अडीच इंची एसएसडीचे बारीक स्क्रू तिला लावले तर ते नुसते फिरत राहतात.

डिस्क दिसायला लागली की क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून तिचा तक्ता एकदा बघा. ०५ आणि सी५ या खराब सेक्टरांच्या ओळींत रॉ व्हॅल्यूच्या रकान्यात शून्य हवं. नव्या डिस्कवर तिथे काही आकडा असेल तर बिनधास्त परत द्या, तुमची बाजू पक्की आहे. सी७ ची ओळ मात्र केबलची आहे. तो आकडा वाढत असेल तर शंभर-दीडशे रुपयांची नवी साटा केबल लावा आणि दोन दिवसांनी पुन्हा बघा. आधीचा आकडा पुसला जात नाही, तो पुढे वाढायचा थांबला की झालं.

हे सगळं करूनही डिस्क कुठेच दिसली नाही, तर ती दुसऱ्या मशीनला लावून बघा, आणि तिथेही नसेल तरच दुकानात न्या. मदरबोर्डचा मॉडेल नंबर आणि केबल कुठल्या पोर्टात आहे तेवढं कळवलंत तर त्याचा तक्ता मी बघून सांगतो.