आधी कट्टा, मग झाडं

प्रश्न : आमच्या फुलेवाडीतल्या घरामागं दहा बाय बाराचं परडं आहे, आत्तापर्यंत तिथं सायकली, जुना तांब्याचा बंब असलं अडगळीचंच सामान असायचं. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या फारशा बाहेर पडत नाहीत, म्हणून दोघींना संध्याकाळी निवांत बसता येईल अशी बाग करायची आहे. नर्सरीवाल्यानं लॉन, कारंजं, बुद्धाची मूर्ती, लायटिंग असं सगळं धरून चाळीस हजार सांगितले. ऊन दुपारी बारा ते तीनच येतं. शेजारच्यांची भिंत तर अंगावर आल्यासारखी वाटते. काय करू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, त्या चाळीस हजारांत बसायची जागा कुठाय? सगळं बघायचंच सामान आहे की! आधी परडं रिकामं करा आणि आठवडाभर चहा घेऊन दोघी तिथंच बसा, खुर्ची इकडं तिकडं सरकवून बघा, वारं कुठनं येतंय, कुणाच्या किचनचा एक्झॉस्ट तोंडावर येतोय ते आपोआप कळतंय. जिथनं उठावंसं वाटत नाही तिथं कट्टा बांधा. आपल्याकडं पावसाची झड पश्चिमेकडनं येते, तेव्हा जमलं तर पाठ त्या बाजूच्या भिंतीला ठेवा. कट्ट्याची उंची एरवी दीड फूट पुरते पण सासूबाईंसाठी दोन-तीन इंच वाढवा आणि उठताना धरायला बाजूला एक पाइप बसवून घ्या, बुटक्या बैठकीवरनं उठताना गुडघ्याचे हाल होतात. खाली गुळगुळीत फरशी अजिबात नको, जून-जुलैत त्यावर शेवाळ धरलं की संपलंच, खडबडीत शहाबादी घाला, वाटेत पायरी नको.

लॉनचा नाद सोडा. तीन तासांच्या उन्हात ते जगत नाही, वर आपला पाऊस म्हणजे नुसता चिखल. मोगरा, गुलाबही रुसतील. तुमच्या जागेला सोनटक्का बेस्ट, ओल नि थोडी सावली त्याला आवडतेच, पावसाळ्यात संध्याकाळी फुलला की वासानं बाकी काही लागत नाही. बाजूला नेचे, अळू. (अळूची वडी पण होते, हा आमचा हावरटपणा.) भिंतीसाठी मधुमालती, मूळ सावलीत असलं तरी चालतं, शेंडा उन्हाकडं चढतोय, फक्त तारेचा आधार द्या आणि दरवर्षी छाटा, नाहीतर शेजारच्यांच्या गच्चीवर जाईल नि मग निवांतपणा गेलाच. रातराणी लावायची तर कट्ट्यापासनं लांब, काहींचं डोकं दुखतं त्या वासानं.

कुंड्या जमिनीला टेकवू नका, खाली दोन-दोन विटा ठेवा, इथल्या पावसात भोक बुजलं की मुळं कुजतात. वर आच्छादनाला रसवंतीवरनं उसाची चिपाडं आणली तर फुकटात काम होतंय, पण ताजी टाकू नका, गोडाला मुंग्यांची जत्रा भरते, आधी पावसात धुऊन आणि चांगली वाळवून मग घाला.

कारंजं पण कशाला? पाण्याचा आवाज हवा असेल तर सिमेंटचा टब नि फिश टँकचा छोटा पंप पुरे, त्यात गप्पी मासे, ते डासांच्या अळ्या खातात. साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतात, म्हणून कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातनं एकदा तरी ओतून घासायच्या. लाइट एकच, पिवळा, आणि तोही पायाकडं.

आणि बंबात पाणी भरून मासे सोडावेत असं कुणी सुचवलं तर ऐकू नका, तांबं पाण्यात उतरतं आणि मासे मरतात. तो घासून कट्ट्याशेजारी नुसता ठेवा, सासूबाईंना त्याच्या गोष्टी सांगायला निमित्त.