वाचकांचे प्रश्न : कमी बजेटमधला गेमिंग पीसी

प्रश्न : पहिल्यांदाच गेमिंग पीसी असेंबल करतो आहे. मॉनिटर १०८०पी आहे आणि ग्राफिक्स कार्ड सोबतच घेणार आहे. प्रोसेसरसाठी रायझन ५ ५५००, ५६००, ५६००जी, आय३-१२१००एफ आणि आय५-१२४००एफ अशी पाच नावं समोर आहेत. कुठला घ्यावा?

उत्तर : कार्ड सोबतच घेताय, तर ५६००जी आधीच बाजूला ठेवा. त्याच्या अंगात वेगा ग्राफिक्स असतं. कार्ड काही महिन्यांनी घेऊ असं ठरवलेल्याला तो उपयोगी पडतो, तुमचे मात्र त्या ग्राफिक्सचे पैसे वाया जातील.

५५०० आणि ५६०० मध्ये लोक हमखास फसतात. दोन्हींत ६ कोर (काम करणारे भाग) आणि १२ थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारी कामं), सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसरची बैठक) एकच एएम४, नावात फरक शंभराचा. पण ५५०० ही मुळात ५६००जीचीच चिप आहे, ग्राफिक्स बंद करून विकलेली. त्यामुळे तिच्यात एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६ एमबी, तर ५६०० मध्ये ३२ एमबी. गेम चालू असताना कोण कुठे उभं आहे, गोळी कुणाला लागली, कुठली वस्तू नजरेत येते, ही तीच ती माहिती प्रोसेसरला सारखी लागते. ती कॅशेत मावली तर लगेच हाताशी येते. नाही मावली तर रॅमपर्यंत हेलपाटा पडतो आणि तेवढा वेळ कोर रिकामा बसतो. दुसरा फरक पीसीआय एक्स्प्रेसचा, म्हणजे प्रोसेसर आणि कार्ड यांच्यातल्या डेटाच्या वाटेचा. ५५०० आणि ५६००जी तिसऱ्या पिढीवर थांबतात, ५६०० चौथ्या पिढीचा आहे. कार्ड निवडताना हा फरक आडवा येतो, तो पुढच्या उत्तरात पाहा.

आय३-१२१००एफ हा ४ कोर, ८ थ्रेडचा प्रोसेसर. एकेका कोरचा वेग चांगला असल्यामुळे व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ सारखे गेम तो आरामात खेळवतो. मोठ्या ओपन वर्ल्ड गेममध्ये, मागे डिस्कॉर्ड आणि ब्राउझर उघडे असताना, तो दमतो. सरासरी एफपीएस (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) बरा दिसतो, पण गर्दीच्या ठिकाणी किंवा वेगाने गाडी चालवताना चित्र क्षणभर अडकतं. म्हणून रिव्ह्यू वाचताना सरासरीच्या शेजारचा ‘१ टक्का लो’ (सगळ्यात मंद १ टक्का क्षणांतला एफपीएस) हा आकडा जरूर बघा. खेळताना त्रास देतो तो हाच.

राहिले ५६०० आणि १२४००एफ. दोन्ही ६ कोर, १२ थ्रेडचे आणि १०८०पीला भरपूर पुरेसे. यांची तुलना नुसत्या प्रोसेसरच्या किमतीवर करू नका. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम तिन्हींची बेरीज करा आणि ज्याची बेरीज कमी तो घ्या. वाचलेले पैसे कार्डात घाला. मदरबोर्ड ५६०० साठी बी५५०, १२४००एफसाठी बी६६० किंवा बी७६०. ५६०० ए५२० बोर्डावर बसवलात तर पीसीआय एक्स्प्रेस पुन्हा तिसऱ्या पिढीवर येतं, म्हणजे ५५०० सोडून ५६०० घेतल्याचा निम्मा फायदा तिथेच गेला. दोन्ही प्रोसेसर बॉक्स पॅक घेतले तर कूलर सोबत येतो आणि तो पुरतो. ट्रे पॅकमध्ये कूलर नसतो. १२४००एफमध्ये अंगचं ग्राफिक्स नाही आणि ५६०० मध्येही नाही, तेव्हा कार्ड बसेपर्यंत स्क्रीन काळीच राहणार.

प्रश्न : आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्तात मिळतंय. माझ्याकडे रायझन ५ ५५०० आहे. घेऊ का?

उत्तर : नको. हा जोड सगळ्यात वाईट जोडांपैकी एक आहे. या कार्डाचा कनेक्टर दिसायला पूर्ण लांबीचा असला तरी त्याच्या डेटाच्या लेन फक्त ४ आहेत. पीसीआय एक्स्प्रेसच्या चौथ्या पिढीवर त्या कशाबशा पुरतात. तुमचा ५५०० तिसऱ्या पिढीचा, म्हणजे तेवढ्याच लेनमधून निम्मा डेटा जाणार. त्यात कार्डावर व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) ४ जीबी. आजच्या गेमचे टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) एवढ्यात मावत नाहीत, उरलेले रॅममध्ये जातात आणि त्याच चिंचोळ्या वाटेने ये-जा करतात. परिणाम म्हणजे मान वळवली की धक्का. शिवाय या कार्डात व्हिडिओ एन्कोडर नाही, त्यामुळे रेकॉर्डिंग किंवा स्ट्रीमिंगचा सगळा भार प्रोसेसरवर पडतो.

थोडं थांबून आरएक्स ६६०० बघा. व्हीरॅम ८ जीबी, लेन ८, आणि वीज १३२ वॅट. १०८०पीवर मध्यम ते उंच सेटिंगला बजेटमध्ये हे कार्ड शोभतं. आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीचं मॉडेल चांगल्या अवस्थेत आणि वॉरंटीसह मिळालं तर तेही उत्तम, त्याच्या लेन पूर्ण १६ आहेत. इंटेलच्या आर्क बी५८० मध्येही १२ जीबी मिळतात. पण त्याला बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) रिसाइझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, चालू हवं, आणि हळू प्रोसेसरसोबत त्याची कामगिरी इतर कार्डांपेक्षा जास्त घसरते. ५५०० सोबत ते घेऊ नये.

नावांची आणखी एक गोम सांगायला हवी. आरटीएक्स ३०५० दोन आहेत : ८ जीबीचं आणि ६ जीबीचं. फरक फक्त मेमरीचा नाही, ६ जीबीवाल्यात कोरही कमी आहेत. जीटी १०३० तसंच, त्याचं डीडीआर४ मेमरीचं मॉडेल जीडीडीआर५ वाल्याच्या मानाने फारच मंद आहे. बिलावर मॉडेल आणि मेमरी दोन्ही पूर्ण लिहून घ्या.

प्रश्न : बॉटलनेक कॅल्क्युलेटरच्या साइटवर माझ्या प्रोसेसर-कार्डाचा बॉटलनेक १८ टक्के दाखवतो. काय बदलू?

उत्तर : काहीच बदलू नका. बॉटलनेक म्हणजे एका भागामुळे दुसरा अडून राहणं. गेम कुठला, रिझोल्यूशन किती, सेटिंग काय, हे न बघता काढलेल्या टक्क्याला अर्थ नाही. एकाच पीसीत एका गेममध्ये कार्ड पुरं पडत नाही आणि दुसऱ्यात प्रोसेसर.

मोजायचं घरच्या घरी. एमएसआय आफ्टरबर्नर टाका आणि गेम चालू असताना स्क्रीनवर कार्डाचा वापर बघा. ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड पूर्ण राबतं आहे, सगळं ठीक. ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल तर आधी व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) किंवा एफपीएसची मर्यादा चालू नाही ना, ते तपासा. दोन्ही बंद असूनही तसंच असेल तर सेटिंग तशीच ठेवून फक्त रिझोल्यूशन १०८०पीवरून ७२०पी करा. एफपीएस वाढला नाही, तर अडलंय ते प्रोसेसरपाशी किंवा रॅमपाशी. प्रोसेसरचा एकूण वापर ४० टक्केच दिसतो म्हणून फसू नका. एखादाच कोर १०० टक्क्यांवर असला तरी गेम तिथेच अडतो.

प्रश्न : १६ जीबीची ३२०० ची रॅम घेतली. टास्क मॅनेजरमध्ये स्पीड २१३३ दाखवतो. दुकानदाराने फसवलं का?

उत्तर : बहुधा नाही. डीडीआर४ रॅम बोर्डात बसवली की आधी सुरक्षित, कमी वेगावरच चालू होते. पाकिटावरचा वेग रॅमच्या प्रोफाइलमध्ये साठवलेला असतो आणि तो बायोसमधून हाताने चालू करावा लागतो. पीसी चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा, मेमरीच्या भागात एक्सएमपी शोधा (काही बोर्डांवर तेच डीओसीपी नावाने असतं, डीडीआर५ च्या एएमडी बोर्डांवर एक्स्पो), पहिलं प्रोफाइल निवडा आणि एफ१० ने सेव्ह करून बाहेर या. मग टास्क मॅनेजरच्या मेमरी टॅबमध्ये ३२०० दिसायला हवं. इंटेलच्या एच६१० बोर्डावर ३२०० च्या वर जाता येत नाही, तिथे ३६०० ची रॅम घेणं म्हणजे नुसता खर्च.

त्याच टॅबमध्ये ‘स्लॉट्स यूज्ड’ बघा. १६ जीबीची एकच स्टिक असेल तर मेमरी सिंगल चॅनलवर चालते आहे आणि प्रोसेसरला निम्मीच बँडविड्थ मिळते. ८ जीबीच्या दोन स्टिक केव्हाही बऱ्या. ५६००जीसारख्या प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्सवर खेळत असाल तर हा फरक फार मोठा पडतो, कारण त्या ग्राफिक्सची व्हीरॅम म्हणजे हीच रॅम. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. बोर्डावर तिथे सहसा ए२ आणि बी२ असं छापलेलं असतं. शेजारशेजारच्या स्लॉटमध्ये लावल्या तर दोन्ही एकाच चॅनलवर जातात.

प्रश्न : थोडे जास्त पैसे घालून एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटवर जाणं शहाणपणाचं ठरेल का?

उत्तर : कार्डाच्या पैशांना हात न लावता जमत असेल तर हो. २०२२ पासून रायझनच्या ७०००, ८००० आणि ९००० मालिका याच सॉकेटवर आल्या आहेत, त्यामुळे पुढे नुसता प्रोसेसर बदलून काम भागतं. ७५००एफ किंवा ७६०० पासून सुरुवात करा. या सॉकेटवर फक्त डीडीआर५ चालते. ६००० स्पीडच्या दोन स्टिक घ्या, चार नकोत, कारण चार लावल्या की वेग बराच खाली आणावा लागतो. एएम५ परवडावं म्हणून कार्ड एक पायरी खाली आणणं मात्र चुकीचं आहे. १०८०पीवर तुम्हाला दिसणारा फरक कार्डच घडवतं.

प्रश्न : कॅबिनेटसोबत ५०० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आला आहे. रायझन ५ ५६०० आणि आरएक्स ६६०० साठी पुरेल?

उत्तर : त्याच्या बाजूचं लेबल वाचा. ‘५०० वॅट’ या मोठ्या अक्षरांकडे दुर्लक्ष करा आणि तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही याच लाइनवर चालतात. समजा तिथे २० अँपिअर असतील तर १२ गुणिले २०, म्हणजे २४० वॅट, एवढीच त्याची खरी ताकद. तुमचा प्रोसेसर पूर्ण भाराला साधारण ७६ वॅट घेतो, कार्ड १३२, त्यात पंखे, बोर्ड, रॅम आणि एसएसडी. २४० तिथेच संपत आले. शिवाय कार्डाची मागणी क्षणार्धासाठी सरासरीच्या बरीच वर उसळते. अशा वेळी पीसी गेमच्या ऐन मध्यात बंद पडून पुन्हा चालू होतो आणि लोक बिचाऱ्या रॅमला दोष देतात.

चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा, १२ व्होल्टवर ४० अँपिअरच्या पुढचा एसएमपीएस घ्या. ८० प्लसचा शिक्का वीज किती वाया जात नाही एवढंच सांगतो. आतले भाग दर्जेदार आहेत की नाहीत, शॉर्ट सर्किट झालं तर संरक्षण आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी त्या मॉडेलचा रिव्ह्यू वाचा आणि वॉरंटी बघा. मॉड्युलर (केबल सुट्या काढता येणारा) एसएमपीएस बदललात तर जुन्या केबल कधीही ठेवू नका, प्लग बसला तरीही. एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचाही, वेगळा असतो. चुकीच्या पिनेतून १२ व्होल्ट आले की एसएसडी आणि हार्ड डिस्क क्षणात जळतात. पैसे वाचवताना कुठे हात आखडायचा असेल तर कॅबिनेटवर आखडा, इथे नाही.

प्रश्न : सगळं जोडलं, पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही.

उत्तर : या क्रमाने बघा. मॉनिटरची केबल कार्डाला लावली आहे की मदरबोर्डाला? कार्डाला हवी. प्रोसेसरजवळ बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातला ८ पिनांचा (४+४) वीजप्लग लावलाय का? तो राहिला तरी पंखे फिरतात. कार्डाचा ६+२ प्लग वेगळा, तो तिथे जबरदस्तीने बसवू नका. मग रॅम काढून पुन्हा बसवा, क्लिप ‘टक्’ करून मिटली पाहिजे. एकच स्टिक ए२ मध्ये ठेवून चालू करा. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा काही मिनिटं काळी स्क्रीन राहणं साहजिक आहे, बोर्ड मेमरी जुळवून घेत असतो. मध्येच बटण दाबून बंद करू नका.

एवढं करून झालं नाही तर बोर्डावरचे छोटे दिवे बघा : सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. जो पेटून राहिला तिथे अडचण. सीपीयूचा दिवा आणि बोर्ड बी४५० किंवा बऱ्याच आधी बनलेला बी५५० असेल, तर बायोस ५६०० च्या आधीचं असू शकतं. बोर्डामागे फ्लॅशबॅकचं बटण असेल तर प्रोसेसर न चालवताही पेनड्राइव्हवरून बायोस अपडेट होतं. नसेल तर दुकानातून जुन्या रायझनवर करून घ्यावं लागेल. कूलर काढायची वेळ आलीच तर तो सरळ वर ओढू नका. एएम४ मध्ये थर्मल पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. डावीकडे-उजवीकडे हलका फिरवून पेस्ट सुटू द्या, मगच उचला.

प्रश्न : ऑफिसमधून काढलेला आय५-४५९० चा ब्रँडेड डेस्कटॉप आहे. त्यात कार्ड टाकून गेमिंग होईल?

उत्तर : जुन्या आणि ई-स्पोर्ट्स गेमपुरतं होईल. त्यात ४ कोर आणि थ्रेडही ४च, त्यामुळे नव्या मोठ्या गेममध्ये कितीही चांगलं कार्ड लावलं तरी अडखळणार. अशा डेस्कटॉपमध्ये एसएमपीएस आणि त्याचा प्लग बऱ्याचदा कंपनीचा स्वतःचा असतो, बाजारातला बसत नाही. म्हणून स्लॉटमधूनच वीज घेणारं, वेगळा प्लग नसलेलं कार्ड बघा : जीटीएक्स १६५० किंवा आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल. यातही काही मॉडेलना प्लग असतो, फोटोत नीट बघून घ्या. कॅबिनेट बारीक असेल तर लो प्रोफाइल (कमी उंचीचं) कार्डच मावेल. स्लॉट किती वॅट देतो तेही मॅन्युअलमध्ये तपासा, बारीक कॅबिनेटमध्ये तो कधी कधी कमी देतो.

एक अडचण मात्र पैशाने सुटणारी नाही. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं, हा प्रोसेसर चौथ्या पिढीचा आहे, आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (चालू होतानाची सुरक्षा तपासणी) हेही लागतं. तेव्हा कार्ड असं घ्या, जे उद्या नव्या पीसीत हलवता येईल, आणि या डेस्कटॉपवर रॅम-प्रोसेसरसाठी आणखी खर्च करू नका.