परक्या लेकराला घरात घेताना

प्रिय भगिनी,

युद्धात आईवडिलांपासून ताटातूट झालेल्या निर्वासित मुलांसाठी तुमच्या चर्चच्या मंडळीने घरे शोधायला सुरुवात केली आहे. त्यांतल्या बारा वर्षांच्या एका परधर्मीय मुलाला आपल्याकडे ठेवून घ्यावे असे तुम्हाला मनापासून वाटते. पण ‘आधी आपली दोन मुले’ असे म्हणून तुमचे पती अडून बसले आहेत. त्यांना शास्त्रवचन ऐकवावे का, आणि मुलगा आलाच तर त्याला उपासनेला न्यावे का, असे तुम्ही विचारले आहे.

हेरोद राजाच्या भयाने ज्याला रातोरात मिसर देशात न्यावे लागले, त्या बाळ येशूला आपण प्रभू म्हणतो. आणि बालकाला कवेत घेऊन, जो अशा एकाला माझ्या नावाने स्वीकारतो तो मला स्वीकारतो, असे त्यानेच शिष्यांना सांगितले. त्यामुळे अशा मुलांचे स्वागत करणे हा मंडळीच्या मर्जीचा प्रश्न आहे असे मी मुळीच मानत नाही. तरीही वचनाचा उपयोग पतींना निरुत्तर करण्यासाठी करू नका. दटावून मिळवलेल्या होकाराचा ताण मुलाला पहिल्याच दिवशी जाणवेल, कारण मोठ्यांचे चेहरे वाचतच ही मुले इथवर आलेली असतात. पतींना काळजी पैशांची आहे, स्वतःच्या मुलांची आहे, की लळा लागल्यावर होणाऱ्या ताटातुटीची, हे आधी शांतपणे ऐकून घ्या. मग मुलांची व्यवस्था पाहणाऱ्या कार्यकर्त्यांना दोघांनी मिळून भेटा. ते घराची पाहणी करतील, खोदून खोदून प्रश्न विचारतील. मुलाच्या सुरक्षिततेसाठी ते आवश्यकच आहे.

मुलगा आला, तर कदाचित तो बूट घालूनच झोपेल, उशीखाली पावाचे तुकडे लपवील. त्याला रागावू नका. खाऊचा एक डबा त्याच्या हाताशी ठेवा आणि तो उघडायला कोणाला विचारावे लागत नाही, एवढे सांगा.

उपासनेबद्दल माझे मत ठाम आहे: त्याने आपणहून मागितल्याशिवाय नेऊ नका. १९३८-३९ मध्ये नाझी राजवटीतून सुमारे १०,००० मुले, बहुतेक ज्यू, ब्रिटनमध्ये आणली गेली. अनेक ख्रिस्ती कुटुंबांनी त्यांना आसरा दिला, ही मोठीच सेवा होती. पण काही घरांत त्यांना ख्रिस्ती धर्माकडे वळवण्यात आले, आणि ज्यांचे आईवडील पुढे मारले गेले त्यांच्याकडून घराची उरलीसुरली खूणही त्यामुळे हिरावली गेली. मुलाचा धर्म, भाषा आणि संस्कृती यांचे भान ठेवावे, असे संयुक्त राष्ट्रांची १९८९ ची बालहक्क संहिताही सांगते. त्याच्या प्रार्थनेसाठी जागा करून द्या, त्याच्या आईवडिलांविषयी नेहमी आदराने बोला आणि त्यांचा शोध कुठवर आला आहे, याची कार्यकर्त्यांकडे चौकशी करत राहा.

एवढे करूनही पतींचा नकार कायम राहिला, तर मंडळीला तसे लवकर आणि स्पष्ट कळवा, म्हणजे मुलासाठी दुसरे घर शोधायला वेळ मिळेल. मग जे कुटुंब त्याला घेईल, त्यांच्याकडे आठवड्यातून एक संध्याकाळ त्याचा अभ्यास घ्यायला जा. शक्य झाल्यास पतींनाही सोबत न्या.

तुमची,
ताई