वाचकांचे प्रश्न : नव्या घरात पाणी कशावर तापवावे?

प्रश्न : निफाड तालुक्यात आमच्या द्राक्षबागेलगत आम्ही नवीन घर बांधत आहोत. तळमजल्याचा स्लॅब पडला असून वरच्या मजल्याचे वीटकाम सुरू आहे. नळकाम अजून व्हायचे आहे. घरात आई-वडील, आम्ही पती-पत्नी आणि दोन शाळकरी मुले अशी सहा माणसे आहेत. न्हाणीघरे तीन आहेत, पाणी बोअरवेलचे आणि चांगलेच जड आहे. ठेकेदार गॅस गिझर सुचवतो, प्लंबरचा आग्रह सौरबंबाचा आहे आणि वडिलांना परसात जुना तांब्याचा बंबच हवा आहे. जर्मनीत स्थायिक झालेले माझे मेहुणे म्हणतात, की हीट पंप बसवून फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवाव्यात, म्हणजे थंडीत खोल्याही उबदार राहतील. आम्ही नेमके काय करावे?
— एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : आपण हा प्रश्न गिलावा होण्यापूर्वी विचारलात, याचा मला फार आनंद झाला. बहुतेक पत्रे घर भरणी झाल्यावर येतात आणि तेव्हा फरशा फोडण्याखेरीज दुसरे काही सुचवता येत नाही.

आधी मेहुण्यांच्या सूचनेविषयी. त्यांच्याकडे हिवाळ्यात बाहेरचे तापमान आठवडेच्या आठवडे शून्याच्या आसपास राहते आणि घर अहोरात्र तापते ठेवावे लागते. फरशीखालच्या नळ्या तिथे योग्यच आहेत, कारण ती फरशी हळूहळू तापते आणि हळूहळू निवते. निफाडचा पारा एखाद्या पहाटे पाच अंशांच्याही खाली उतरत असला, तरी दुपारी ऊन तापलेले असते. म्हणजे आपली खरी थंडी रात्रीच्या उत्तरार्धापासून सकाळी आठ-नऊपर्यंतची. एवढ्या वेळासाठी फरशी तापवायला घेतली, तर ती ऊबदार होईपर्यंत सूर्य वर आलेला असेल. त्यापेक्षा आई-वडिलांची खोली दक्षिणेकडे ठेवता आली तर पाहा आणि तिला दक्षिणेला मोठी खिडकी द्या. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने ऊन खोलीत आतवर येते, आणि उन्हाळ्यात तो डोक्यावर असल्याने छोटीशी सज्जाही तेच ऊन अडवते. खोल्या तापवण्याचा खर्च मी आपल्याला मुळीच सुचवणार नाही. प्रश्न उरतो तो पाण्याचा.

एका माणसाच्या आंघोळीला ६० अंशांचे सुमारे २० लिटर पाणी पुरते. त्यात तेवढेच गार पाणी मिसळले, की ४० अंशांचे ४० लिटर होते. सहा जणांचे १२० लिटर आणि स्वयंपाकघराचे ३० लिटर धरले, तर रोजची गरज १५० लिटरची होते. गच्चीवरच्या टाकीतले २० अंशांचे १५० लिटर पाणी ६० अंशांवर न्यायला विजेचे सुमारे सात युनिट लागतात. साठवणीच्या गिझरमध्ये उष्णता थोडी वाया जातेच, म्हणून आठ युनिट धरा. महिन्याला २४० युनिट होतात. पंखे, दिवे, फ्रिज यांच्या वापरात ही भर पडली, की वीजबिल ३०० युनिटांचा टप्पा ओलांडून वरच्या दरात जाते. तेच पाणी गॅसवर तापवले, तर १४.२ किलोचा सिलिंडर साधारण तीन आठवड्यांत संपतो.

गॅस गिझरला माझा विरोध मात्र खर्चामुळे नाही. बंद न्हाणीघरात गॅस जळू लागला, की तिथला प्राणवायू कमी होतो, ज्वलन अपुरे राहते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला वास नाही आणि रंगही नाही. आंघोळ करणाऱ्याला चक्कर येते, कडी काढण्याइतकेही त्राण उरत नाही. दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या आपण वाचतो. वर एक लहानशी जाळी ठेवली म्हणजे झाले, असे कोणी सांगितले तर ते मान्य करू नका. घ्यायचाच असेल, तर गॅस गिझर बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर असावा आणि आत फक्त पाण्याचा नळ यावा. घरात वृद्ध आणि मुले असताना मी तो घेणार नाही.

हीट पंप पाण्यासाठीही मिळतो आणि यंत्र म्हणून तो उत्तम आहे. तो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो, त्यामुळे साध्या गिझरच्या साधारण एक तृतीयांश विजेत काम होते. आपल्या हिशेबात महिन्याचे २४० युनिट ८० च्या आसपास येतील. ज्यांना गच्ची नाही किंवा गच्चीवर ऊन नाही, त्यांना मी तोच सुचवतो. आपल्याकडे गच्ची आहे, ऊन आहे, आणि सौरबंबाला पावसाळा सोडून वीज जवळजवळ लागतच नाही. शिवाय त्याची दुरुस्ती तालुक्याच्या गावातला प्लंबर करू शकतो. माझे मत प्लंबरच्या बाजूने आहे. सौरबंब बसवा, पण काही गोष्टी आजच ठरवून घ्या.

पहिली गोष्ट गार पाण्याच्या टाकीची उंची. साध्या सौरबंबात पंप नसतो. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढते आणि गार पाणी त्याची जागा घेते. यासाठी गार पाण्याच्या टाकीचा तळ सौरबंबाच्या टाकीच्या माथ्याहून किमान फूटभर उंच हवा, म्हणजे गच्चीपासून सहा ते सात फुटांवर. जिन्याच्या खोलीचा स्लॅब टाकताना ही उंची साधली, तर पुढे लोखंडी घोडा उभारावा लागत नाही. पाण्याने भरलेल्या २०० लिटरच्या सौरबंबाचे वजन ३०० किलोंच्या वर जाते, म्हणून त्याचे पाय तुळईवर यावेत, हेही अभियंत्याला आत्ताच सांगा.

सौरबंबाच्या काचेच्या नळ्या, ज्यांत उन्हाने पाणी तापते, दक्षिणेकडे तोंड करून असाव्यात. डिसेंबरच्या अखेरीस आपल्या भागात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण ४६ अंशांवर असतो, त्यामुळे वस्तूची सावली जवळपास तिच्या उंचीइतकी लांब पडते. पाण्याची टाकी आणि जिन्याची खोली सौरबंबाच्या उत्तरेला ठेवा. दक्षिणेला ठेवलीत, तर ज्या महिन्यांत गरम पाण्याची गरज सर्वाधिक, त्याच महिन्यांत नळ्या सावलीत जातील.

आपले पाणी जड आहे, म्हणून तांब्याच्या बारीक नळ्यांचा सपाट पत्र्याचा प्रकार थेट या पाण्यावर चालवू नका. क्षार साचून त्या नळ्या तुंबतात आणि आतून साफ करणे कठीण जाते. काचेच्या रुंद नळ्यांत क्षार तळाशी बसतात आणि नळी काढून धुता येते. वर्षातून एकदा, द्राक्षाचा हंगाम आटोपल्यावर, टाकी रिकामी करून साका काढावा. हे काम भर उन्हात कधीही करू नये, कारण रिकाम्या तापलेल्या नळीत गार पाणी शिरले की काच तडकते. पुन्हा भरायचे ते पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर. गारपिटीची भीती आपल्याला वाटणे स्वाभाविक आहे, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारा द्राक्षउत्पादक विसरलेले नाहीत. मात्र एखादी नळी फुटली, तर तेवढीच बदलता येते.

आता पावसाळ्याचे. विक्रेते सौरबंबाच्या टाकीतच विजेची कांडी बसवून देतात. ढगाळ दिवशी दोन बादल्यांसाठी ती अख्खी टाकी तापवत बसते. २०० लिटर पाणी नुसते २० अंशांनी वाढवायलाही जवळपास पाच युनिट जातात. त्याऐवजी आई-वडिलांच्या न्हाणीघरात २५ लिटरचा गिझर ठेवा आणि सौरबंबाचे पाणी त्यातून येऊ द्या. ऊन असेल त्या दिवसांत पाणी गिझर टाळून थेट जावे, यासाठी वळणाची नळी आणि व्हॉल्व्ह आजच बसवून घ्या. गिझरला स्वतंत्र १६ अँपिअरची जोडणी, चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा आपोआप तोडणारा खटका, हवाच. मुलांच्या न्हाणीघरात गरम-गार पाणी आपोआप मिसळणारा व्हॉल्व्ह बसवा, कारण एप्रिल-मे महिन्यांत सौरबंबातले पाणी ७० अंशांच्या वर जाते आणि त्याने क्षणात कातडी भाजते.

ज्या गोष्टीकडे सर्वात कमी लक्ष दिले जाते, ती म्हणजे गरम पाण्याची नळी. पाऊण इंची नळीत दर मीटरला सुमारे पाव लिटर पाणी मावते. न्हाणीघर सौरबंबापासून १५ मीटर दूर असेल, तर रोज सकाळी पहिले चार लिटर पाणी गारच येते, आणि आंघोळ संपल्यावर तेवढेच गरम पाणी नळीत निवत राहते. माझ्या घरी वरच्या मजल्यावर हीच चूक झाली आहे आणि ती दुरुस्त करता आलेली नाही. शक्य तर तिन्ही न्हाणीघरे आणि स्वयंपाकघर एकाच उभ्या ओळीत घ्या आणि सौरबंब त्यांच्या माथ्यावर ठेवा. नळी सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकची, असावी. गार पाण्याची साधी पांढरी पीव्हीसी नळी उष्णतेने मऊ पडून वाकते. गच्चीवरच्या भागाला फोमचे वेष्टण आणि त्यावर उन्हाने न फाटणारे आवरण द्या, आणि भिंतीच्या झिरीतही वेष्टण जाडीसह बसेल एवढी जागा ठेवायला सांगा.

छतावरच्या सौर विजेबद्दल आपण विचारलेले नाही, पण विक्रेता तो विषय काढेल. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांचे अनुदान आहे. ते वीज तयार करणाऱ्या पॅनेलला मिळते, सौरबंबाला नाही. पुढे पॅनेल बसवायचे असतील, तर गच्चीचा दक्षिणेकडचा थोडा भाग मोकळा ठेवा.

वडिलांचा बंब मात्र अवश्य ठेवा, आणि हे मी त्यांचे मन राखण्यासाठी म्हणत नाही. एप्रिलच्या आणि ऑक्टोबरच्या छाटणीच्या काड्या आपल्या बांधावर पडलेल्याच असतात; त्या वाळवून कोरड्या जागी रचून ठेवल्या, तर श्रावणातल्या सलग ढगाळ आठवड्यात, वीज गेलेली असतानाही, घराला गरम पाणी मिळेल. बंबाची जागा परसात, वरून पत्र्याची आणि चारही बाजूंनी मोकळी असावी. त्याचा धूर कोणत्याही खिडकीत जाऊ नये. शेजारी गार पाण्याचा एक नळ आणि सांडपाण्याची मोरी काढून घ्या, म्हणजे वडिलांना बादल्या उचलाव्या लागणार नाहीत.

गिलावा करण्यापूर्वी सर्व नळ्या पाण्याने भरून दाबाखाली एक रात्र ठेवा, सकाळी प्रत्येक सांधा स्वतः हात लावून तपासा, आणि भिंतींची छायाचित्रे मोजपट्टी लावून काढून ठेवा.