साल्व्हियाचा दुसरा बहर का येत नाही?

प्रश्न : कुंडीतल्या लाल साल्व्हियाला पहिला बहर सुरेख आला. आता पाला भरपूर आहे, पण तुरे नाहीत. दर आठवड्याला चिमूटभर युरिया घालतो. खालच्या पानांच्या कडाही करपू लागल्या आहेत.

उत्तर : युरिया आजच थांबवा. नत्र जास्त झालं की साल्व्हिया पाल्यावर जातो. करपलेल्या कडा बहुधा मातीत साचलेल्या क्षारांमुळे असाव्यात; लाल साल्व्हियाला ते अजिबात सोसत नाहीत. कुंडीच्या तळाच्या भोकातून धार लागेपर्यंत साधं पाणी घाला, पाणी पूर्ण निथळलं की पुन्हा एकदा घाला. त्यानंतर तीन आठवडे कुठलंही खत नको. मग 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) हे विद्राव्य खत लिटरला 1 ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा आणि तेही माती ओली असतानाच द्या. झाडाला रोज पाच-सहा तास ऊन मात्र हवंच.

आता छाटणी, कारण दुसरा बहर खरा इथेच अडतो. या साल्व्हियात फुलाची नळी गळून पडते, पण तिच्या बुडाशी असलेला लाल कोश तसाच टिकतो. त्यामुळे तुरा अजून फुलावर आहे असं वाटतं. कोश उघडून पाहिलात तर तळाशी बी भरत असलेलं दिसेल. झाडाची ताकद तिथे खर्च होते. म्हणून बहुतेक नळ्या गळल्या की तुरा काढून टाका. वाळकी फुलं नुसती ओरबाडून भागत नाही. दांड्यावरून खाली या, पानांची पहिली धडधाकट जोडी शोधा. दोन्ही पानांच्या बेचक्यांत बारीक कोंब असतात. त्यांच्या अर्धा सेंटिमीटर वर धारदार कात्रीने काप घ्या. पानं समोरासमोर असल्यामुळे एका कापातून दोन फांद्या फुटतात, म्हणजे एका तुऱ्याचे दोन.

प्रश्न : जांभळ्या मखमली तुऱ्यांचा मेक्सिकन साल्व्हिया फाटकाजवळ लावला आहे. झाड चार फूट झालं, तरी कळी नाही.

उत्तर : दिवस लहान होऊ लागले की मगच हा कळ्या धरतो, त्यामुळे मोठ्या दिवसांत वाट पाहावीच लागते. फाटकावर रात्रभर दिवा असेल तर मात्र झाडाला रात्र पुरेशी लांब मिळत नाही आणि बहर लांबतो. दिवा दुसरीकडे वळवा किंवा झाड हलवा. बहर संपला की फांद्या खोलवर छाटा, पण कळ्या धरायच्या सुमारास कात्री लावू नका.

प्रश्न : बियांपासून केलेली रोपं दोन पानांवर असतानाच जमिनीलगत काळी पडून कोलमडतात.

उत्तर : ही रोपमर. बुरशीमुळे होते; दाट पेरणी आणि सतत ओली माती तिला पोसतात. निचरा होणारं ताजं मिश्रण घ्या, बी विरळ टाका आणि फक्त हलकं दाबा. लाल साल्व्हियाचं बी उजेडात चांगलं रुजतं, म्हणून त्यावर माती लोटू नका. 21 ते 24 अंश तापमानात दोन आठवड्यांत उगवण होते. पाणी ताटलीतून खालून द्या; मिश्रणाचा वरचा थर ओला दिसला की ताटलीतलं उरलेलं पाणी ओतून टाका. खऱ्या पानांच्या (बीतून निघणाऱ्या पहिल्या दोन पानांनंतर येणाऱ्या) तीन जोड्या आल्या की शेंडा खुडा, म्हणजे रोप बुडापासून फुटतं.