सायबर कॅफेच्या काळात लोक इंटरनेटवरची गाणी, व्हिडिओ कसे मिळवायचे?

घरी कॉम्प्युटर नसलेल्यांचं काय व्हायचं, असं तुम्ही विचारलंय. मी नागपूरचं, २००० च्या आसपासचं सांगतो. तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो आणि धरमपेठेतल्या एका कॅफेत पडीक असायचो. तासाला ३० रुपये.

मोडेम (फोनच्या लाइनवरून इंटरनेट जोडणारा डबा) ५६ केबीपीएसचा, म्हणजे कागदावर सेकंदाला सात केबी, पण प्रत्यक्षात चार केबी मिळाले तरी दिवस चांगला म्हणायचा. त्या वेगानं पाच एमबीचं एक गाणं उतरायला वीस-बावीस मिनिटं. तेही लाइनवर तुम्ही एकटे असाल तर! आमच्याकडे एका मोडेमवर पाच कॉम्प्युटर होते. कुणी गाणं उतरवायला घेतलं की बाकी चौघांचे मेल जागच्या जागी थांबायचे आणि काउंटरवरून आवाज यायचा, "कोण गाणं उतरवून राहिला बे?"

व्हिडिओ म्हणजे रियलप्लेअर, तेव्हाचा व्हिडिओ दाखवणारा प्रोग्राम. काडेपेटीएवढी खिडकी, दहा सेकंद चित्र, मग 'बफरिंग'. तेवढ्यात मीटर पळतोय. पैसे वाचवायला आम्ही ब्राउझरमधली चित्रंच बंद ठेवायचो, म्हणजे मल्टिमीडिया राहू द्या, साधे फोटोसुद्धा नाहीत. (१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं देशात इंटरनेट सर्वांना खुलं केलं, तेव्हा विद्यार्थ्यांच्या स्वस्त शेल खात्यावर नुसती अक्षरंच दिसायची. त्या मानानं आमची चैनच.)

मग गाणी मिळायची कुठून? कॅफेवाल्या भाऊंच्या डी ड्राइव्हमधून, म्हणजे कॅफेच्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमधून. कुणीतरी तासाभराचे पैसे मोजून उतरवलेलं गाणं तिथंच पडून राहायचं आणि पुढचे पन्नास जण ते हेडफोन लावून ऐकायचे. इंटरनेटला हातही न लावता! अर्ध्या नागपूरनं एमपी३ असंच ऐकलं असावं, असा माझा अंदाज. भाऊ रात्री कॅफे बंद करताना मोठ्या फाइली लावून जायचे, सकाळी पोह्यांच्या वेळेला आम्ही हजर. लाइन तुटली नसेल तर फाइल पूर्ण.

घरी न्यायचं झालं तर फ्लॉपी, म्हणजे फाइली ठेवायची चपटी चौकोनी डिस्क, १.४४ एमबीची. पाच एमबीचं गाणं चार फ्लॉप्यांवर तोडून न्यायचं आणि मित्राच्या कॉम्प्युटरवर जोडायचं. एकदा मे महिन्यात भर दुपारी सायकल मारत नागपूरच्याच महाल भागात मित्राकडे पोचलो, तीन फ्लॉप्या चालल्या, चौथी वाचेना. परत धरमपेठ. भाऊंनी चौथी फुकट भरून दिली आणि वर माठातलं पाणीही पाजलं.